बांधकाम आणि बांधावरचं भांडण

पावसाळा सरला की पायाची आखणी पडते, आणि त्याच आठवड्यात शेजारी बोलायचा बंद होतो. या वेळच्या पत्रांत सिमेंट-सळईपेक्षा शेजाऱ्यांबद्दलच जास्त विचारलंय, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरं बांधकाम अभियंते आणि दिवाणी वकील यांनी मिळून लिहिली आहेत. दोन-तीन ठिकाणी आम्ही शेजाऱ्याची बाजू घेतली आहे, तेवढं सोसून घ्या.

प्रश्न : आमचा ३० बाय ४० फुटांचा प्लॉट आहे. चुन्याची फक्की टाकून आखणी केली की रात्रीतून पुसली जाते, खुंट्या उपटून फेकलेल्या सापडतात. शेजारचे म्हणतात, तुमचा पाया दीड फूट आमच्यात येतोय. आमच्याकडे खरेदीखत आहे, त्यात चतुःसीमा आहेत. मिस्त्री म्हणतो, काम चालू करा, एकदा जोतं वर आलं की गप्प बसतील. (बारामती)

उत्तर : मिस्त्रीचं ऐकू नका. जोतं वर आल्यावर शेजारी गप्प बसत नाहीत, कोर्टात जातात. आणि तोवर तुमचे पैसे जमिनीत गेलेले असतात. खरेदीखतातली चतुःसीमा 'पूर्वेस अमुक यांचा प्लॉट' एवढंच सांगते. तो प्लॉट नेमका कुठून सुरू होतो, हे त्यात नसतं.

तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. अर्ज ई-मोजणीतून ऑनलाइन होतो. सोबत ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर रेखांकनाची प्रत आणि लगतधारकांची नावं-पत्ते द्यावे लागतात. या पत्त्यांतच बहुतेक अर्ज कच्चे राहतात. शेजारी पुण्याला राहत असेल आणि तुम्ही बारामतीचा बंद घराचा पत्ता दिलात, तर नोटीस परत येते आणि पुढे 'मला कळवलंच नाही' म्हणायला त्याला जागा मिळते. प्लॉट मयताच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांची नावं लिहा.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो. त्या दाखवत असतानाच, त्याच्यासमोर, दगड किंवा काँक्रीटचे खुंट पक्के रोवून घ्या आणि जवळच्या पक्क्या वस्तूपासून (विजेचा खांब, नाल्याची भिंत) अंतर मोजून फोटो काढा. मग मोजणी नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. त्यावर अभिलेखातली हद्द आणि जागेवरची वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. दोन्हींत फरक निघाला तर खरं भांडण तिथे आहे असं समजा. मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही. तुमची दीड फूट जागा त्यांच्या वापरात निघाली तर ती कुदळीने परत घेता येत नाही, त्यासाठी दिवाणी दावा लागतो. मोजणी मान्य नसेल तर दोघांनाही वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी (फेरमोजणी) मागता येते. खाजगी सर्व्हेअरने टोटल स्टेशनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) काढलेला नकाशा डिझाइनसाठी उत्तम, पण वादात त्याला सरकारी मोजणीची किंमत नाही.

आता आखणी. फक्की पुसली जाणारच, म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नका. खोदायच्या रेषेपासून किमान १ मीटर आत, स्वतःच्याच जागेत, काँक्रीटमध्ये सळईचे तुकडे रोवून चार संदर्भखुणा करा. प्रत्येक कोपऱ्याची अंतरं दोन खुणांपासून मोजून वहीत लिहून ठेवा. मग सगळ्या खुंट्या उपटल्या तरी अर्ध्या तासात आखणी पुन्हा उभी राहते. काटकोन ३-४-५ मीटरने तपासा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आखणी परत करा.

आणि शेजाऱ्याचं म्हणणं एकदा नीट ऐका, कारण कदाचित ते भिंतीबद्दल नसेल. जमिनीच्या वर तुमचा कॉलम हद्दीत असतो, पण खालचा पाया बाहेर जातो. २३० मिमीचा कॉलम हद्दीला चिकटून उभा केला आणि त्याखाली मधोमध १.२ मीटर रुंद फूटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) घेतलं, तर ते कॉलमच्या बाहेर ४८५ मिमी जातं, म्हणजे दीड फुटाहून थोडं जास्तच. तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलेला आकडा हाच आहे. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडलेलं असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. कंपाउंडच्या भिंतीला आणि हद्दीवरच्या जिन्याला मात्र हमखास येतो. अशा कॉलमला एका बाजूचा पाया देऊन तो आतल्या पायाशी स्ट्रॅप बीमने जोडतात, किंवा दोन कॉलमना मिळून एक फूटिंग देतात. हे डिझायनरकडूनच करून घ्या. मिस्त्रीने परस्पर फूटिंग 'एका बाजूने कापलं' तर कॉलमचा भार कडेवर येतो आणि पाया कलंडतो.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा वाडा उतरवून तीन मजली घर बांधायचंय. शेजारच्यांची भिंत दगड-मातीची, वरती जुनं लाकूडकाम. त्यांचा पाया साडेतीन फुटांवर आहे, आमचा इंजिनिअर ८ फूट खाली जायला सांगतोय. भिंत पडेल म्हणून ते आधीच ५ लाख मागतात, नाहीतर एक घमेलं उचलू देणार नाही म्हणतात. ही खंडणी नाही का? (नाशिक)

उत्तर : पैशाची मागणी चुकीची आहे, भीती मात्र रास्त आहे. भिंतीच्या पायाच्या खालच्या कडेपासून खाली ४५ अंशांची तिरकी रेषा काढा. त्या रेषेच्या आतली माती ही भिंत पेलते. तुम्ही त्यांच्या पायापेक्षा साडेचार फूट खाली जाणार, म्हणजे सुरक्षित खोदायला साडेचार फूट लांब राहायला हवं. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली, तेवढी जागा तुमच्याकडे नाही. तेव्हा तुम्ही त्यांच्या भिंतीखालची माती हलवणार, हे धरूनच चालावं लागेल.

कायदाही त्यांच्या बाजूने आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे, आणि इमारतीने तो आधार २० वर्षं विनाखंड घेतला असेल तर इमारतीसाठीही तो हक्क मिळतो. 'भिंतच जुनी होती हो' हा बचाव फारसा टिकत नाही.

धोका खोदण्याआधीच सुरू होतो, तुमचा वाडा उतरवताना. जुन्या वाड्यांत दोन्ही घरांच्या तुळया एकाच भिंतीत शिरलेल्या असतात, आणि तुमचा मजला कित्येक वर्षं त्यांच्या भिंतीला कडेने आधार देत आलेला असतो. तो काढला की दोन मजले उंचीची मातीतली भिंत एकटी उभी राहते. म्हणून उतरवण्याआधी भिंतीला तिरके टेकू द्या. त्यांची खालची टोकं मातीवर न टेकवता फळीवर टेकवा, आणि तुळई ओढून काढू नका. भिंतीलगत करवतीने कापा, आतला तुकडा राहू द्या. तुमच्या बाजूने त्या भिंतीला कधी गिलावा नव्हता, ती उघडी पडल्यावर पहिल्याच अवकाळी पावसात माती धुऊन निघते. वरून खालपर्यंत जाड ताडपत्री टाका आणि माथ्यावर सिमेंटचा उतार काढून द्या. हा खर्च तुम्हीच करायचा.

खोदाई एका दमात नको. लांबी १ ते १.२ मीटरच्या भागांत वाटा आणि भिंतीवर खडूने १-२-३, १-२-३ असे आकडे घाला. आधी फक्त १ क्रमांकाचे भाग खोदा. मधले दोन-दोन भाग तसेच राहिल्याने भिंत त्यांच्यावर टेकून राहते. उघडलेल्या भागात खाली काँक्रीट करून आधारभिंत वर आणा, मागची पोकळी भरा, मग २ क्रमांक, मग ३. उघडा भाग दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि रविवारची सुट्टी त्यात येऊ देऊ नका. दीड मीटरपेक्षा खोल जाताना फळ्या आणि आडवे टेकू लावलेच पाहिजेत. निघालेली माती कडेवर न टाकता बाहेर न्या. भिंतीपासून २ मीटरपर्यंत जेसीबीचा ब्रेकर चालवू नका, तेवढी खोदाई हातानेच. खडक लागला तर सुरुंग नाही. ड्रिल करून भोकांत फुगणारी पूड भरली की खडक हादरा न देता तडकतो. परत भरताना काळी माती वापरू नका. मुरूम १५० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरा.

एक गोष्ट सगळेच विसरतात, ती म्हणजे त्यांची मोरी. जुन्या घरांत मोरीचं पाणी वर्षानुवर्षं पायाशी मुरत असतं. खड्डा उघडला की ते तुमच्या बाजूला वाट शोधतं आणि भिंतीखालची माती घेऊन येतं. खोदण्याआधी मोरीत बादलीभर रंगीत पाणी ओतून ते कुठे निघतं ते बघा, आणि गळका पाइप तुमच्या खर्चाने बदलून द्या. हजारो रुपयांच्या या कामाने लाखांचं भांडण टळतं.

भिंतीची आजची स्थिती कागदावर घ्या. दोन्ही घरांचे लोक आणि दोघांना चालेल असा एक अभियंता यांनी मिळून प्रत्येक खोली बघायची. प्रत्येक तड्याचा फोटो मोजपट्टी लावून काढायचा, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची, जास्तीत जास्त रुंदी नोंदवायची. मुख्य तड्यांवर आडव्या काचपट्ट्या चिकटवा, पण चिकटवताना त्या जागेचा रंग आणि पोकळ गिलावा खरवडून काढा, नाहीतर भिंत हलली तरी पट्टी शाबूत राहते. काच फुटली की हालचाल झाली एवढंच कळतं, किती झाली ते कळत नाही. म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवून त्यांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. खोदाई चालू असताना रोज, नंतर आठवड्याला. वरून ओळंबा सोडून भिंतीचा कलही लिहा. अर्ध्या मिलिमीटरचा तडा बहुधा गिलाव्याचा असतो. अंतर रोज वाढत असेल, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा नव्याने निघाला असेल, तर त्याच दिवशी खोदाई थांबवून उघडा भाग भरून घ्यायचा. अहवालावर दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रती. ते घरात येऊ देत नसतील तर पाहणीची तारीख देऊन पोच-पावतीसह रजिस्टर पत्र पाठवा आणि बाहेरून, तुमच्या बाजूने जेवढे मिळतील तेवढे फोटो काढा. नकाराचीही नोंद झाली पाहिजे.

राहिले ५ लाख. आगाऊ रोख देऊ नका. दिलेत तर नुकसान आधीच कबूल केल्यासारखं दिसतं, आणि खरंच काही झालं तर ते पुन्हा मागतील. त्याऐवजी मुद्रांकावर हमीपत्र द्या. तुमच्या कामामुळे नुकसान झालं का हे तोच अभियंता ठरवेल, दुरुस्ती इतक्या दिवसांत तुम्ही कराल, आणि राहण्याजोगं नसेल तर तोवरचं भाडं द्याल, एवढं त्यात स्पष्ट हवं. सोबत 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' विमा घ्या. पण शेजारच्या इमारतीचा आधार गेल्याने किंवा हादऱ्याने झालेलं नुकसान मूळ पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं, त्याचं पुरवणी कलम वेगळं मागून घ्यावं लागतं. विमा कंपनीही आधीचा पाहणी अहवाल मागते, तो तुमच्याकडे तयार असेलच.

प्रश्न : शेजारचे निवृत्त काका दर आठवड्याला महापालिकेत तक्रार करतात. कधी आवाज, कधी रस्त्यावरची वाळू, कधी 'बांधकाम अनधिकृत'. परवा रात्री ११ वाजता स्लॅब चालू असताना पोलीस आले आणि काम थांबवलं. अर्धा स्लॅब वाया गेला. त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि लावू नका. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. काकांनी फोन केला तो नियमात बसूनच.

स्लॅब रात्रीपर्यंत का गेला, ते बघा. हिशेब आधीच करता येतो. एम २० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट धरलं, तर तुळयांसह २० घनमीटरच्या स्लॅबला १६० पोती लागतात. एका पोत्याचा मिक्सर तासाला फार तर १५ घाणे टाकतो, म्हणजे पावणेअकरा तास. सकाळी ७ वाजता पहिला घाणा पडला तर संध्याकाळी ६ च्या आसपास काम संपतं. तुमच्याकडे मजूर ९ ला आले असतील, लिफ्ट दुपारी बंद पडली असेल, झालं. स्लॅबच्या आदल्या दिवशी मिक्सर चालवून बघा, दुसरा व्हायब्रेटर आणून ठेवा, आणि दुपारी २ वाजेपर्यंत निम्मा स्लॅब झाला नाही तर कुठे थांबायचं ते अभियंत्याकडून आधीच ठरवून घ्या. थांबायचं ते साधारण गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मधल्या एक-तृतीयांश भागात, सरळ उभी फळी लावून, आधाराजवळ नाही. अर्धा स्लॅब तोडायची वेळ येते ती बहुधा तो नको तिथे, तिरपा थांबवलेला असतो म्हणून. रेडीमिक्स आणि पंप परवडत असेल तर हेच काम तीन-चार तासांत उरकतं.

वाळू-खडी रस्त्यावर टाकण्यालाही हक्क नाही. दोन-तीन दिवसांपुरतीच मागवा, आपल्या सामासिक अंतरात विटांचा कठडा करून ठेवा. रस्ता वापरायचाच असेल तर महापालिकेची लेखी परवानगी घ्या.

अनधिकृत बांधकामाची तक्रार मात्र कागदांनी मिटते. परवानगीचं पत्र, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि जोते तपासणीचा दाखला यांच्या प्रती साइटवर फाइलमध्ये ठेवा. नगररचना कायद्याच्या कलम ५३ किंवा ५४ ची नोटीस आली तर तिला मुदतीत, लेखी, पोच घेऊन उत्तर द्या; 'साहेबांशी बोललो' याला उत्तर म्हणत नाहीत. आता एक खरं सांगा, बाल्कनी नकाशापेक्षा पुढे काढली आहे का? जिना सामासिक अंतरात आला आहे का? अशा तक्रारी चिकटतात त्या इथे. असेल तर काका मोजपट्टी घेऊन येण्याआधी सुधारित नकाशा दाखल करा. नियमात बसत नसेल तर तोडणं आत्ताच स्वस्त पडेल.

प्रश्न : शेजारी म्हणतात, आमच्या अंगणाकडे खिडकी काढायची नाही, आमच्या बायकामुली तिथे वावरतात. त्यांना असा हक्क आहे का? (जळगाव)

उत्तर : मंजूर नकाशात खिडकी असेल आणि नियमातलं अंतर सोडलं असेल तर त्यांना ती अडवता येत नाही. खाजगीपणाचा हक्क सुविधाधिकार कायद्यात स्थानिक रूढी सिद्ध झाली तरच मिळतो. पण याची दुसरी बाजू ऐका. उद्या त्यांनी नियमात राहून समोर भिंत उभी केली तर तुम्हालाही ती थांबवता येणार नाही. उजेड-वाऱ्याचा हक्क २० वर्षांनी मिळतो आणि तुमची खिडकी अजून बसायचीय. खिडकीची खालची कड फरशीपासून साडेपाच फुटांवर घ्या, किंवा खालच्या भागाला दुधी काच लावून तो पल्ला पक्का करा. उजेड मिळतो, नजर जात नाही, आणि त्यांना भिंत बांधायचं कारण उरत नाही.

प्रश्न : भिंत हद्दीवर उभी आहे. बाहेरच्या गिलाव्यासाठी शेजारी त्यांच्या जागेत परांची बांधू देत नाहीत. कायद्याने भाग पाडता येईल का? (सांगली)

उत्तर : शेजाऱ्याच्या जागेत शिरून काम करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्यात नाही. खरेदीखतात किंवा जुन्या करारात तसं लिहिलेलं असेल तरच. म्हणून हे विटा रचण्याआधी विचारायचं असतं. विचारताना 'पाच-सहा दिवस' असं मोघम नको. अमुक तारखेपासून ६ दिवस, सकाळी ९ ते ६, खाली ताडपत्री, तुळशीवृंदावन आणि नळ झाकून, शेवटच्या दिवशी धुऊन देऊ, फरशी फुटली तर बदलून देऊ, असं एका पानावर लिहून न्या. घरातल्या बाईंना वेळ विचारून घ्या, कारण अंगण त्यांचं असतं. वाळवणाच्या दिवसांत कोणीच हो म्हणणार नाही.

तरीही नकारच असेल तर वरून काम करा. गच्चीच्या कठड्यावरून सोडलेला झुलता पाळणा फक्त तुमच्या हद्दीच्या वरच्या हवेत राहत असेल तरच चालतो, आणि हद्दीवरच्या भिंतीला तो राहत नाही. मग गिलाव्याचा नाद सोडा. अजून भिंत चढायची असेल तर प्रत्येक थर झाल्यावर गवंड्याने आतून वाकून बाहेरचे सांधे १:४ मसाल्याने दाबून भरून घ्यावेत, सांध्यांत बोट जाईल अशी एकही फट नको. चढून झाली असेल तर आतल्या बाजूने वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन मग गिलावा करा. पूर्ण खात्रीचा उपाय नाही, पण बरीच ओल अडते. दोन्ही घरांच्या भिंतींत दोन-तीन इंच फट असेल तर तिच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसवा, तिची एक कड तुमच्या भिंतीत खाचून. याला शेजारी सहसा नाही म्हणत नाहीत, ओल त्यांच्याकडेही जातेच.

प्रश्न : शेजारी स्टे आणणार असं कानावर आलंय. पायाचे खड्डे खोदून झालेत, सळई बांधून तयार आहे. काय करू? (नागपूर)

उत्तर : आजच वकिलाकडून कॅव्हेट दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालचा हा अर्ज आहे. त्याची प्रत शेजाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते आणि तो ९० दिवस टिकतो, पुढे नवा करावा लागतो. कॅव्हेट स्टे अडवत नाही. तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये, एवढंच त्याचं काम. म्हणून 'क' प्रत, परवानगी, नकाशा आणि आजच्या तारखेचे साइटचे फोटो वकिलाकडे आधीच देऊन ठेवा. शेजारी कॅव्हेटमध्ये नाव नसलेल्या भावाकडूनही दावा लावू शकतो. तेव्हा मालकीत असलेल्या सगळ्यांची नावं त्यात घाला.

एकतर्फी मनाई हुकूम झालाच तर काम त्या क्षणी थांबवा. 'फक्त एक फूटिंग भरून घेऊ' म्हणून काम चालू ठेवलं तर मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, शिवाय न्यायाधीशांचं मन तुमच्याविरुद्ध जातं ते वेगळंच. हुकूम उठवायचा अर्ज लगेच द्या. अशा एकतर्फी हुकमाचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा असं संहिताच सांगते. वाद हद्दीचा असेल तर कोर्ट कमिशनर म्हणून भूमि अभिलेखाचा अधिकारी नेमून मोजणी मागा. उघडे खड्डे पावसात ढासळतील, शेजाऱ्याचीच भिंत धोक्यात येईल, हे अभियंत्याच्या पत्रासह दाखवून खड्डे सुरक्षित पातळीपर्यंत भरायची परवानगीही मागता येते. सळईला सिमेंटची पातळ लापशी फासून ताडपत्री टाका. पुढे काम सुरू होईल तेव्हा गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा. व्यास कमी झाला असेल तर सळई बदला. अपुऱ्या कारणावर स्टे घेतल्याचं सिद्ध झालं तर कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. या रकमेत तुमचं नुकसान भरून निघत नाही, पण शेजाऱ्याच्या वकिलाला ते कलम माहीत असतं.

प्रश्न : शेजारी म्हणजे माझे चुलत सासरेच आहेत. मजुरांना शिव्या देतात, परवा कोयता घेऊन आले. दोन गवंडी काम सोडून गेले. पोलीस 'घरातलं आहे, मिटवून घ्या' म्हणतात. (तासगाव)

उत्तर : ताई, आधी मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून बघा. त्यावर तुमच्या सासऱ्यांसोबत त्यांचंही नाव असेल आणि वाटणीचा कागद नसेल, तर ते शेजारी नाहीत, सहहिस्सेदार आहेत. तोंडी वाटणीवर बांधकाम उभं केलं की भांडण पुढच्या पिढीतही चालतं. नोंदणीकृत वाटणीपत्र आधी, पाया नंतर.

हिस्से वेगळे असतील तर घडलेल्या प्रत्येक गोष्टीची तक्रार लेखी द्या: तारीख, वेळ, कोणते शब्द, कोण हजर. दखलपात्र गुन्हा बसत नसेल तर अदखलपात्र नोंद होते, तिची प्रत मागून घ्या. दोन-तीन नोंदी झाल्या की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केस करण्याचा अर्ज द्या. त्यात शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतलं जातं, आणि घरातल्या भांडणात गुन्ह्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो. मजुरांना उलट बोलू देऊ नका. साइटवर कॅमेरा लावा, पण त्याचं तोंड त्यांच्या अंगणाकडे नको.

प्रश्न : मी दुबईत असतो, चिपळूणला घर बांधून झालंय. आमच्या स्लॅबचं पाणी शेजारच्यांच्या परसात पडतं म्हणून त्यांनी आमचा पाइप फोडला. धाकटा भाऊ गावी आहे, तो माझ्या वतीने काय करू शकतो? (दुबई)

उत्तर : भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ते भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करा. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं, नाहीतर कोर्टात अडतं. त्यात मोजणी, नगरपरिषद, पोलीस आणि दावा हे चारही अधिकार नावानिशी लिहा.

पाइप फोडणं गैर, पण आपल्या छताचं पाणी दुसऱ्याच्या परसात सोडायचा हक्क तुम्हालाही नाही. तक्रार देण्याआधी पाणी वळवा. ताशी १०० मिमी पावसाला १०० मिमी व्यासाचा एक उभा पाइप सुमारे ४० चौरस मीटर छत सांभाळतो. तुमचा स्लॅब १२० चौरस मीटरचा असेल तर तीन पाइप हवेत, आणि चिपळूणचा पाऊस बघता चौथा घ्या. बहुतेक घरांत एकच असतो, तो तुंबतो आणि पाणी कठड्यावरून ओसंडून शेजारी पडतं. गच्चीला १०० ला १ असा उतार शेजाऱ्याच्या उलट दिशेने काढा, पाइपच्या तोंडाशी जाळी बसवा, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. खाली पाइप चेंबरमध्ये आणून तिथून आपल्याच हद्दीतून गटारापर्यंत न्या. भावाला हे काम वैशाखात करून घ्यायला सांगा, आणि झाल्यावर शेजारच्यांना बोलावून गच्चीवर दोन पिंप पाणी ओतून दाखवा.